चार बोटं समास

एक वही सुंदर करायला गेले आणि तिच्यातल्या एका माणसाचं सगळं बोलणं कापून आणलं, ही माझी कबुली. लाल रेक्झिनचा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं, तिन्ही कडा न्हाव्यानं दाढी केल्यासारख्या गुळगुळीत. मी तेव्हा चाळिशीची होते, म्हणजे लहान होते म्हणून चुकले असं म्हणायचीही सोय नाही. नातीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, तू लायब्ररीत होतीस ना गं?" होते. म्हणूनच तर चुकले.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी ग्रंथालय सांभाळायची. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि चेहऱ्यावर असा भाव, की ही इमारत माझ्या वडिलांनी बांधून दिली आहे. पुस्तकाच्या कडेला लिहिणारा माणूस माझ्या लेखी चोराहून वाईट. उन्हाळ्याच्या सुटीत मी खोडरबर घेऊन बसायची आणि वर्षभरात पोरांनी पानांच्या कडांना जे जे लिहिलं ते पुसून काढायची. 'महत्त्वाचे' पुसायची, 'हे खोटे आहे' पुसायची, बदामात बाण असला तर जरा जास्त जोरानं पुसायची. स्वच्छ पुस्तक म्हणजे चांगलं पुस्तक, इतकं साधं माझं शास्त्र होतं.

आणि त्याच कॉलेजात, माझ्या नाकासमोर, ते सर होते.

ते फारसी आणि उर्दू शिकवायचे. राहायचे अचलपूरला, रोज एसटीनं यायचे. काळी टोपी, तपकिरी कोट, आणि कोटाच्या खिशात बारा महिने कपाशीचं एक बोंड. बोलताना ते बोंड हातात फिरायचं. बोलणं आमच्याचसारखं वऱ्हाडी. नवीन आलेल्या पुण्याकडच्या मॅडमनी एकदा विचारलं, "तुम्ही मराठी छान बोलता, कुठं शिकलात?" सर म्हणाले, "मायच्या मांडीवर. तुमी कोठी शिकल्या?"

त्यांच्या डाव्या मनगटावर दोन घड्याळं असायची. वरचं आपलं, खालचं अर्धा तास मागं. मला वाटायचं, एक बंद पडलं की दुसरं कामी यावं म्हणून असेल. एकदा चार वाजता मी चहा पुढं केला, तर खालच्या घड्याळात पाहून म्हणाले, "तिकडं साडेतीन. त्यायचा चहा व्हायचा हाये अजून." आणि कप तसाच झाकून ठेवला. अर्ध्या तासानं, गार झालेला, चवीनं प्यायले.

"कोणाचा चहा, सर?"

"मुलतानवाल्यायचा."

मुलतानवाले म्हणजे पाकिस्तानातल्या मुलतानचे एक प्राध्यापक. दोघांची कधी भेट नव्हती, फोनही नव्हता. मधे होती ती एक पोथी. शेतीवरची जुनी फारसी पोथी, आपल्या वऱ्हाडातच कोणीतरी लिहिलेली: काळ्या मातीत काय पेरावं, कपाशीच्या ओळींमधे काय घालावं, पाऊस लांबला तर काय करावं. मुलतानवाल्यांची आई अचलपूरची. फाळणीनंतर माणसं गेली तेव्हा पोथीचा मागचा अर्धा भाग तिच्या ट्रंकेतून तिकडं गेला, पुढचा अर्धा इथंच नातेवाइकांकडं राहिला आणि फिरत फिरत सरांच्या हाती आला. म्हणजे पेरणी आमच्याकडं आणि वेचणी त्यांच्याकडं.

सरांनी आपल्याकडच्या भागाचं उर्दू भाषांतर सुट्या कागदांवर लिहून काढलं आणि मुलतानला पाठवलं. मजकूर पानाच्या मधोमध, चारी बाजूंनी चार चार बोटं जागा कोरी. मुलतानवाल्यांनी आपला अर्धा भाग शेजारी ठेवून त्या कोऱ्या जागेत लिहिलं: आमच्या भागात याबद्दल असं म्हटलं आहे, आमच्या शेतात मात्र तसं दिसतं. कागद परत आले. सरांनी त्याच्या खाली उत्तर लिहिलं. कागद पुन्हा गेले. असे तीन वेळा गेले आणि आले, आणि त्यात कितीतरी वर्षं निघून गेली, कारण दोन्ही सरकारांचा रुसवा झाला की टपाल अडकायचं. मग शारजात असलेली सरांची भाची तिथं नव्या पाकिटात घालून पुढं पाठवायची. एका खेपेला तर तीही वाट बंद झाली. त्या काळात सर दर शुक्रवारी आपल्या बाजूचं उत्तर लिहून ठेवायचे. पाठवायचं कुठं, हा प्रश्न त्यांना पडतच नसे.

आणि वर्षं कोणती, तर कपाशीची वाईट वर्षं. सकाळचा पेपर उघडायची भीती वाटावी अशी. चांदूर बाजारकडून येणाऱ्या एसटीत फवारणीच्या औषधाचा वास भरलेला असायचा. माझ्या माहेरी भाऊ फोनवर बोलता बोलता गप्प व्हायचा. तशात स्टाफरूममधे कोणीतरी सरांना टोचायचंच. "सर, इथं बोंडअळीनं वावरं खाल्ली, आणि तुम्ही पाकिस्तानशी फारसी खेळून राहिले."

सर बोंड फिरवत म्हणायचे, "अळी तिकडंबी तेच हाये ना भाऊ. तिले व्हिजा लागत नाई. ते कवाच जाऊन आली. आपनच बसून राहिलो."

एक वर्ष असं आलं की फारसीला एकही पोरगं नाही. शेतावर हात कमी पडले म्हणून कितीतरी पोरांनी कॉलेजच सोडलं होतं, फारसी कोण घेतो? सर मात्र रोज बाराच्या ठोक्याला रिकाम्या वर्गात जायचे, हजेरीपट उघडायचे, मिटायचे आणि शिकवायला लागायचे. आम्ही खिडकीतून पाहून हसायचो. मी जरा जास्तच हसायची. एके दिवशी शिपाईमावशींशी पैज लावून मी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले, गंमत म्हणून. सरांनी वळूनही पाहिलं नाही. फक्त म्हणाले, "उशीर झाला. अलिफपासून धरा."

तीन महिने मी अलिफ, बे करत राहिले. "वहीत चार बोटं समास सोडा," ते रोज सांगायचे.

"कशाला, सर? कागद वाया जातो."

"तो वाया नाई जात. तिथं दुसरा मानूस बोलते. तुमीच पानभर बोलसान तं त्यानं कोठी बोलावं?"

मी मान हलवली आणि समास सोडला. वळण चांगलं लागावं म्हणून सांगत असतील, असं समजून. नंतर घरी पापडांचे दिवस आले आणि माझी फारसी सुटली. पण इतकं तरी शिकले होते की उर्दू उजवीकडून डावीकडं जाते आणि तिची वही उजवीकडून उघडते. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या ते लक्षात राहिलं नाही.

मग दोन्ही देशांचा रुसवा जरा निवळला, आणि बातमी आली की तिकडच्या प्राध्यापकांचं एक मंडळ भारतात येतं आहे आणि मुलतानवाले त्यात आहेत. व्हिजावर गावांची नावं लिहिलेली असतात, त्याच गावांत जाता येतं. त्यांच्या व्हिजावर दिल्ली होती, नागपूर होतं, आणि खूप खटपटीनंतर एका दिवसापुरती अमरावती होती. अचलपूर नव्हतं. पत्र वाचून सरांनी ते दोनदा घडी केलं. "पन्नास किलोमीटर राह्यले," एवढंच बोलले.

त्या भेटीत सर ते कागद मुलतानवाल्यांच्या हातात देणार होते. चौथी खेप, पहिल्यांदाच टपालाविना. कागद एका जुन्या कापडी बस्त्यात गुंडाळून माझ्या कपाटात असायचे. मी ते पाहिले. मधे सुरेख अक्षर, आणि कडेला दोन रंगांच्या शाईत आडवं, तिरपं, उलटं, मुंग्यांसारखं लिहिलेलं. माझा हात खोडरबराकडं गेला. पण शाई ती, खोडरबरानं जाते थोडीच? पाहुण्यांपुढं असलं गबाळं ठेवायचं? सरांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मी गुपचूप बस्ता उचलला आणि कॉलेजची रजिस्टरं बांधणाऱ्या बाइंडरकडं नेला.

"कडेचं गिचमीड रफ आहे," मी त्याला सांगितलं. "सगळी पानं एका मापात आणा."

त्यानं आणली. शिकंज्यात घालून, तिन्ही बाजूंनी.

चार दिवसांनी मी ते लाल पुस्तक सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "सरप्राइज!" हो, असंच म्हटलं, हात पसरून. सरांनी सवयीनं उजवीकडून उघडलं, तर मागचा कोरा पुठ्ठा. मग वही उलटी केली, पान उघडलं. बोट मजकुरावरून कडेकडं सरकलं, सरकत सरकत कागद संपला आणि टेबलावर आलं. दुसरं पान. पुन्हा बोट टेबलावर.

"बाई," ते हळू म्हणाले, "इथं मुलतानवाले होते."

मला काही कळेना. "कुठं, सर?"

"कडेले."

तेव्हा कळलं. मी रडायच्या बेतात होते. सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "कतरन कोठी हाये?"

बाइंडरकडं धावले. तो म्हणाला, "बाई, चाळीस वरसं झाले कापून राह्यलो, कतरन मांगाले कोनी नाई आलं. ते तं मनियारीन नेते, बांगड्या गुंडाळाले." मनियारीण म्हणजे दोन गल्ल्या सोडून बसणारी बांगडीवाली म्हातारी खाला. तिच्यापुढं टोपलीत काचेच्या बांगड्या, आणि प्रत्येक डझनाभोवती मुलतानवाले गुंडाळलेले.

"खाला, हे कागद मला परत हवेत."

"और चूड़ियां मैं हवा में रखूं क्या?" तिनं विचारलं.

शेवटी तोडगा तिनंच काढला. ती एकेक डझन सोडवत गेली आणि ठेवायला जागा नाही म्हणून माझ्याच हातात भरत गेली. हिरव्या, लाल, जांभळ्या, कोपरापर्यंत. पण सकाळपासून बरंच गिऱ्हाईक होऊन गेलं होतं. जवळजवळ तिसरा हिस्सा कातरण अमरावतीतल्या कोणाकोणाच्या घरी गेली, चुलीत गेली की केरात गेली, कोण जाणे. उरलेली पदरात बांधून, खणखणत, मी ग्रंथालयात आले. 'शांतता राखा' ही पाटी मीच रंगवून घेतलेली होती.

पाहुण्यांना यायला नऊ दिवस होते. पुढं जे पाहिलं ते मी आजही कोणाला नीट सांगू शकत नाही. सर एक पान समोर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि कापलेल्या कडेवर हात ठेवून बोलायला लागायचे. "इथं ते म्हनतात, आमच्या भागात कपाशीच्या चार ओळींनंतर एक ओळ तुरीची सांगितली हाये. इथं मी म्हनलं, आमच्याकडं सहा. इथं ते म्हनतात, तुमची जमीन भारी, म्हनून." मग डोळे उघडून परातीतल्या पट्ट्यांमधून नेमकी ती पट्टी उचलायचे. शाईचा रंग, अक्षराची शेपटी, कागदाचा तिरपा काप, काहीतरी जुळायचं आणि वाक्य पूर्ण व्हायचं. एकदाही चुकले नाहीत. सव्वाशे पानांच्या चारी कडा त्या माणसाला तोंडपाठ होत्या. मी ज्याला रफ म्हणाले होते त्या त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात लांबलेल्या गप्पा होत्या.

"सर," मी न राहवून म्हटलं, "तुम्हाला सगळं पाठ आहे. हरवलेलं तुम्हीच लिहून काढा ना."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी आता दुसऱ्यांदा कापायला निघाले होते. "ते त्यायचं बोलनं हाये, बाई. माह्या अक्षरात लिहिलं तं मी एकलाच बडबडलो असं होईन."

बाइंडरनं पुस्तक उसवलं. पानांना नव्या कागदाच्या रुंद कडा जोडल्या, त्यांवर सापडलेल्या पट्ट्या जागच्या जागी चिकटवल्या आणि या वेळी पाठ उजवीकडं शिवली. मजुरी विचारली तर हात जोडून म्हणाला, "राहू द्या. मालेबी कळू द्या, काय कापलं होतं ते." जिथं पट्टी सापडली नाही तिथं जागा कोरी राहिली. पुस्तक खरजेतून उठलेल्या कुत्र्यासारखं दिसत होतं. लाल रेक्झिन मात्र तेच.

तो दिवस आला. सर सकाळी पहिल्या एसटीनं आले, इस्त्रीचा कोट घालून. मुलतानवाले मला उंच, करारी वाटले होते. निघाले बुटके, गोल, स्वेटरवर मफलर घेतलेले. बरोबर पोलिसांतले एक जमादार, वही-पेन घेऊन. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, ग्रंथालयाच्या वाचनखोलीत. मी दाराशी. आता हे दोघं गळ्यात पडतील, रडतील, बोलणं आवरणार नाही, असं मला वाटत होतं.

हात मिळवले. बसले.

"सफ़र कैसा रहा?"

"अच्छा रहा."

"मौसम?"

"अच्छा है."

संपलं. सरांनी खिशातलं बोंड काढून टेबलावर ठेवलं. मुलतानवाले खिसे चाचपून ओशाळं हसले. "मैं भी लाया था. कस्टम वालों ने निकाल लिया." मी चहा आणला, दोघांनी प्यायला. घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. जमादारांनी जांभई दिली. इतकी वर्षं, इतकं टपाल, आणि हे दोघं दवाखान्यातल्या बाकावर बसल्यासारखे! कागदावर एकमेकांची नस न् नस ओळखणाऱ्या माणसांना तोंडानं बोलायची सवयच नव्हती.

शेवटी मुलतानवाल्यांनी वही ओढली. उजवीकडून उघडली, आणि मी श्वास सोडला. पानं उलटत गेले. एका कोऱ्या जागेशी थांबले. तिथं बोटानं दोनदा टकटक केली.

"यहां आपने लिखा था," सर म्हणाले. "कट गया. इनसे." आणि माझ्याकडं बोट केलं. जमीन दुभंगेल तर बरं, असं मला झालं.

मुलतानवाल्यांनी माझ्याकडं पाहिलं, कोऱ्या जागेकडं पाहिलं, आणि खिशातून पेन काढलं. दोन ओळी लिहिल्या. वही सरांकडं सरकवली. सरांनी वाचलं, भुवया चढल्या. "ग़लत!" म्हणाले, आणि आपलं पेन काढलं.

मग पाच वाजेपर्यंत ते दोघं बोलले नाहीत. लिहीत राहिले. वही टेबलावरून इकडून तिकडं, तिकडून इकडं. एक जण लिहायचा तेव्हा दुसरा मान वाकडी करून उलट्या बाजूनं वाचायचा. मधेच एकाच वेळी दोघं खो खो हसले, आणि का ते खोलीत तिसऱ्या कोणाला कळलं नाही. जेवणाचे डबे तसेच राहिले. एका जागेशी मुलतानवाल्यांनी जे लिहिलं ते सरांनी मला नंतर सांगितलं: 'इथं मी काय लिहिलं होतं, मला आठवत नाही. तुम्हाला आठवतं?' आणि त्याखाली सरांनी, आता विचारलंच होतं म्हणून, त्यांचं हरवलेलं वाक्य आपल्या अक्षरात लिहून दिलं. त्याखाली उत्तर: 'मग मी बरोबरच होतो.'

जमादार माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "मॅडम, हे काय लिहून राह्यले? मले रिपोर्ट द्या लागते ना."

मी वाकून पाहिलं. माझी तीन महिन्यांची फारसी पणाला लावून एक शब्द सोडवला. "कपास," मी म्हटलं.

त्यांनी आपल्या वहीत लिहिलं: 'दोघांनी दिवसभर कपाशीबद्दल लिहिले. बोलणे नाही.' यापेक्षा खरा वृत्तांत कोणी लिहिला नसता.

त्या वहीतलं पाठ होतं, त्यावरून पुढं सरांनी मराठीत एक पातळशी पुस्तिका केली आणि बोंड फिरवत ती गावोगाव वाटली. अंजनगावकडच्या काही जणांनी तिच्यातल्या तुरीच्या ओळी लावून पाहिल्या. माझ्या भावानंही. कपाशीचं दुखणं त्यानं गेलं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर भाऊ फोनवर ओळींबद्दल बोलायचा, मधेच गप्प व्हायचा नाही.

निघताना मुलतानवाल्यांनी विचारलं, "अचलपूर किधर है?" सरांनी उत्तरेकडच्या खिडकीतून हात दाखवला. तिकडं कॉलेजची पाण्याची टाकी आणि सायकल स्टँड, दुसरं काही दिसत नव्हतं. तरी ते तिथं उभे राहिले. जमादारांनी घड्याळ पाहिलं आणि बाही पुन्हा खाली ओढली. मग मुलतानवाल्यांनी वही बगलेत घेतली, कारण आता पाळी त्यांची होती. टेबलावरचं बोंड नेता येणार नव्हतं. ते त्यांनी उचललं, एकदा मुठीत मिटलं आणि सरांच्या खिशात परत ठेवलं.

जीप गेल्यावर मी सरांना बसस्टँडवर सोडायला गेले. दिवसभर जे लक्षात आलं नव्हतं ते तिथं आलं. त्यांच्या मनगटावरची दोन्ही घड्याळं त्या दिवशी एकच वेळ दाखवत होती. अचलपूरकडं जाणारी परतवाड्याची गाडी लागली तसं सरांनी खालच्या घड्याळाची चावी ओढली आणि काटा शांतपणे अर्धा तास मागं नेला.

मी नऊ दिवस तोंडात धरून ठेवलेली माफी आता मागितली, अगदी रडत. ते पायरीवर चढले, वळले, टोपी नीट केली आणि म्हणाले,

"बाई, पुढच्या खेपेले कापसान ना, तं थोडं जास्त कापजा."